दोरावर कोण

बसा. दिवा असाच बारीक ठेवते. खिडकीवरचा काळा कागद एका कोपऱ्यात फाटलाय आणि तेवढ्या फटीतून उजेड दिसला की दुकानवाला शेठ दारात येऊन देशभक्ती शिकवून जातो. चहा बिनसाखरेचा आहे, पण तो सध्या सगळ्यांकडेच तसा आहे.

परवा तुम्ही गल्लीत राहायला आलात, सुईणबाईंच्या खोलीत. काल सायरन झाल्यावर सगळ्यांबरोबर तुम्हीही छोटीला घेऊन वर बर्फाच्या गोदामाकडे गेलात. आम्ही दोघी नणंद-भावजय मात्र उलट्या, खाली नळाकडे निघालो, ते तुम्ही पाहिलंत. आज पाण्याच्या रांगेत त्याचं कारण विचारलंत. नळावर सांगण्यासारखं ते नाही, म्हणून घरी बोलावलं. ऐकून घ्या आणि मग कुठे जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी या गल्लीत सल्ला देणं सोडलंय.

हे सगळं सुरू झालं त्या दिवशी मी गिरणीवरून पीठ घेऊन येत होते. पीठ म्हणजे काय, निम्मा कोंडाच, पण रिकाम्या हाताने परत यावं लागलं नाही म्हणून मी खुशीत होते. दिवेलागणीची वेळ होती. दिवेलागण हा शब्द तेवढा उरलाय. हल्ली त्या वेळेला असलेले दिवे मालवायचे असतात. नळापाशी पोचले आणि सायरन झाला.

आपली गल्ली म्हणजे एक चढ आहे, हे तुमच्या गुडघ्यांना एव्हाना कळलं असेल. खाली नळ आणि पाण्याची टाकी, वर बर्फाचं गोदाम. लढाई सुरू झाली, बर्फ करणं बंद पडलं आणि गोदाम लपायला मिळालं. त्याच्या भिंती हातभर जाड आहेत. दाराला आतून बुचाचे तक्ते आणि वर पत्रा. थंडी बाहेर जाऊ नये म्हणून केलेलं ते दार, आता आवाज आत येऊ देत नाही. आत अजून ओल्या भुशाचा वास आहे आणि अमोनियाने डोळ्यांना पाणी येतं. दार लागलं की बाहेर कुणी डोकं आपटून घेतलं तरी आत पत्ता लागत नाही.

पंचाईत एकच होती. दार लावायचं कधी? मिट्ट काळोखात कोण आलं, कोण राहिलं ते कळत नसे. डोकी मोजून उपयोग नव्हता, कारण कुणी कारखान्यात पाळीवर, कुणी रेशनच्या रांगेत, रोज वेगळीच माणसं घरी असायची. यावर तोड काढली मुकादमांनी. त्यांना तुम्ही पाहिलंत काल, ते दाराशी बसतात ते. सगळा जन्म गोदीत हमालांच्या टोळ्यांवर गेला. दोर हाताळावा तर त्यांनीच. त्यांनी गोदीतून एक जाड दोर आणला, घराघराच्या भिंतीत लोखंडी कड्या ठोकल्या आणि नळाच्या खांबापासून थेट गोदामापर्यंत तो ओवला. दाराशेजारी पूर्वी पाण्याची नळी जायची ते भोक आहे, त्यातून दोराचं वरचं टोक आत घेतलं.

नियम सोपा होता. सायरन झाला की दोर धरायचा आणि चढायचं. मुकादम आत ते टोक तळहाताला गुंडाळून बसायचे. चढणाऱ्याचं वजन दोरावर पडतं, ते त्यांच्या हाताला कळायचं. वजन आहे तोवर दार उघडं. दोर सैल पडला की ते मोठ्याने म्हणायचे, "सैल," आणि मग शेठ दार लोटून अडसर घालायचा.

"माणूस खोटं बोलेल, दोर बोलणार नाही," असं मुकादम म्हणायचे. आणि खरंच, दोरावर कोण आहे ते त्यांना ओढीवरून ओळखू यायचं. "हा सोडावाला, दर कडीला थांबतोय. ही सुईणबाई, दोन ओढी आणि एक विसावा, गुडघे गेलेत तिचे. ही पिवळी, ही दोर धरते कुठे, नुसता हात टेकवून उडत येते." लोक हसायचे. भीतीच्या वेळी हसायला मिळालं तर कुणाला नको असतं?

पिवळी म्हणजे माझी नणंद. ती दारूगोळ्याच्या कारखान्यात आहे आणि तिथल्या भुकटीने तिचे हात कोपरापर्यंत पिवळे झालेत. केसांची टोकंसुद्धा. नाव गल्लीने ठेवलं आणि तिने ते हसत घेतलं. "बरंच झालं वहिनी, अंधारात मी दिसेन तरी," म्हणते. नवरा लढाईवर निघाला तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठी दोन शब्द बोलेल. पायरी उतरताना तो एवढंच म्हणाला, "तिला सांभाळ." तेव्हा राग आला होता. आता त्याला जाऊन इतके महिने झालेत की त्या वाक्याशिवाय त्याचं माझ्यापाशी दुसरं काहीच नाही. तेव्हा तिला सांभाळणं हेच माझं घर आणि हाच माझा संसार.

तर त्या दिवशी सायरन झाला. पिवळी आधीच वर गेली होती. नळाजवळच्या सोडावाल्याच्या घरी सुईणबाई त्याच्या बायकोला आणि तान्ह्या बाळाला न्हाऊ घालत होत्या. मला पाहिलं आणि हाक मारली, "अगं, हिला आणि पोराला घेऊन तू पुढे हो. मी चूल विझवून येतेच. उजेड राहिला तर तो शेठ माझं डोकं खाईल."

मी एका हाताने पिठाचा डबा, दुसऱ्याने बाळंतिणीचा दंड धरला आणि आम्ही चढलो. आत शिरल्याबरोबर मी मुकादमांना सांगितलं, "सुईणबाई मागून येताहेत." सगळ्यांनी ऐकलं. बाळंतिणीनेही सांगितलं. मुकादमांनी मान हलवली आणि टोक तळहाताला आणखी एक वेढा दिला. मी त्यांच्या शेजारीच बसले होते, दोर मला दिसत होता.

विमानं त्या दिवशी लवकर आली. आधी गोदीकडे धडधड झाली, मग अलीकडे, मग आणखी अलीकडे. भिंतीवरून जुना भुसा गळायला लागला. शेठ दाराशी उभा होता. म्हणाला, "मुकादम, काय ते सांगा लवकर."

मुकादमांनी मूठ आवळली. दोर ताणलेला होता. दोन ओढी, एक विसावा. दोन ओढी, एक विसावा.

"मुकादम, आत पोरंबाळं आहेत..."

पुढचा बॉम्ब इतका जवळ पडला की दार आपोआप हललं. आणि मुकादम म्हणाले, "सैल."

मी म्हटलं, "मुकादम, दोर ताणलाय. मला दिसतोय."

"वारा आहे," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. शेठने दार लोटलं आणि अडसर घातला. मी उठले तर दोघींनी माझा पदर धरून खाली बसवलं. त्या दोघींचीही बाळंतपणं सुईणबाईंनीच केली होती.

दार लागल्यावर बराच वेळ दोर हलत होता. ओढी नव्हत्या त्या, नुसते झटके होते. मुकादमांनी हाताचे वेढे सोडले आणि टोक भुशावर टाकून दिलं. ते तिथे वळवळत होतं. सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळे छताकडे बघत होते.

सुईणबाई सकाळी दार उघडल्यावर दाराशीच मिळाल्या. पायरीवर बसलेल्या, अंगावर ओरखडासुद्धा नाही. स्फोटाच्या हवेनेच छाती बंद पडली असणार, असं डॉक्टर म्हणाला. मुठीत दोर होता. तो सोडवायला एकेक बोट उचलावं लागलं, आणि ते उचलणाऱ्यांत शेठ होता. तरी दुपारपर्यंत गल्लीचं ठरून गेलं, दोर सैल होता. ती दोरावर नव्हतीच, नंतर आली असेल. "म्हातारीला कुणी सांगितलं होतं रेंगाळायला?" असंही एकजण म्हणाला. तो पायाळू जन्मत होता तेव्हा तिनेच त्याला सोडवलं होतं. गरज सरो वैद्य मरो म्हणतात. आमच्या गल्लीने वैद्याला मरायची वाटही पाहिली नाही.

मातीला मात्र झाडून सगळे होते.

नंतरच्या हल्ल्याला आम्ही सगळे आत आलो. पिवळी माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. सोडावाला, त्याची बायको, मूल, सगळे होते. मुकादम "सैल" म्हणायची सगळे वाट बघत होते. मुकादम बोलेनात.

"कोण राहिलंय?" शेठने विचारलं.

सगळ्यांनी इकडे तिकडे पाहिलं. नेहमीचं कुणीच राहिलं नव्हतं.

मुकादमांचा हात मांडीवरून थोडा उचलला गेला, खाली आला. पुन्हा उचलला गेला. मग थांबला. मी मोजत नव्हते, पण शरीराला कळतं. दोन ओढी, एक विसावा. अमोनियाच्या वासात मला अचानक कार्बोलिक साबणाचा वास आला, सुईणबाईंच्या हातांना यायचा तोच. मी पिवळीकडे पाहिलं. तिने नाक पदराने झाकलं होतं.

"मुकादम... कोण आहे दोरावर?" बाळंतिणीने हळूच विचारलं.

मुकादम म्हणाले, "चढतेय."

दार उघडं होतं. बाहेर काळोख होता, आणि त्या काळोखाकडे बघायचा कुणाला धीर नव्हता. ओढी जवळ येत गेल्या. शेवटच्या कडीपर्यंत आल्यासारख्या वाटल्या आणि तिथेच थांबल्या. आत कुणी आलं नाही. दोर ताणलेला तो ताणलेलाच. मग गोदीकडे धडधड सुरू झाली आणि शेठने कुणाला न विचारता दार लावलं. भोकाच्या तोंडाशी दोर हिसके देत राहिला. विमानं गेल्याचा भोंगा झाला तेव्हा तो एकदम गळून पडला.

पहिले काही दिवस गल्ली घाबरली. बायका रडल्या. सोडावाल्याच्या बायकोने दाराशी पाण्याचा तांब्या ठेवला. पण माणूस कशालाही सरावतो, भुतालासुद्धा. हल्ले रोजचेच होते. रोज दोर ताणलेला राहायचा, रोज दार लावायचं, रोज काही व्हायचं नाही. पुढे पुढे लोक जांभया द्यायला लागले. मुकादमांनी "सैल" म्हणणं सोडलं, कारण दोर सैल कधी पडतच नव्हता. त्याऐवजी ते म्हणायचे, "सुईणच आहे." आणि शेठ दार लावायचा. पोरं मुकादमांची नक्कल करायची. एकदा कुणीतरी म्हणालं, बिचारी जिवंत असताना एवढी वेळेवर कधी आली नव्हती. त्यावर आख्खं गोदाम हसलं.

मी हसले नाही. मला भीती वाटली, पण भुताची नव्हे. पिवळीची पाळी बदलली होती, आता ती दिवेलागणीलाच सुटायची. दोर ताणलेला असूनही दार लागतं, याची गल्लीला सवय झाली होती. उद्या पिवळी दोरावर असली तर?

मी मुकादमांच्या घरी गेले. म्हटलं, "दोर काढून तरी टाका, नाहीतर दुसरी काही खूण ठरवा. माझी पोरगी रोज उशिरा येते."

"दोर काढला तर लोक चढणार कसे?" मुकादम म्हणाले. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, तसा तो माणूस. मग जरा वरमले. म्हणाले, "तिला सांग, लागोपाठ तीन हिसके, थांबायचं, मग दोन. म्हातारी तसं करत नाही. मला कळेल."

शेठही तिथेच होता. तो म्हणाला, "कळेल हो वहिनी. आम्ही काय परके आहोत?"

पिवळीला सांगितलं तर ती हसली. "तीन आणि दोन. आणि त्यांनी नाही उघडलं तर?"

"उघडतील," मी म्हटलं. "कबूल केलंय."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आवडली नाही. कीव होती त्या नजरेत.

तो दिवस आला तेव्हा काही वेगळं वाटलंही नव्हतं. सायरन झाला, मी एकटीच वर आले. आत गेल्याबरोबर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पिवळी यायची आहे. तीन आणि दोन." मुकादमांनी मान हलवली. तशीच, पहिल्यासारखी. मला ती मान ओळखीची वाटली आणि मी त्यांच्या शेजारी बसून दोरावर स्वतःचा हात ठेवला.

दोर ताणलेला होता. दोन ओढी, एक विसावा. मुकादम म्हणाले, "सुईणच आहे."

"थांबा," मी म्हटलं.

विमानांचा आवाज यायला लागला. शेठने दाराला हात घातला. मी म्हटलं, "शेठ, थांबा. कबूल केलंय तुम्ही." आणि तेवढ्यात माझ्या हाताखाली दोर हलला. अगदी हलका, हात टेकवून उडत येणाऱ्या पोरीचा. तीन. थांबला. दोन.

"तीच आहे," मी म्हटलं. "मुकादम, सांगा ना. तुम्हाला कळलंय."

त्यांना कळलं होतं. हात त्यांचाही दोरावर होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शेठकडे पाहिलं. बाहेर पांढरा लखकन उजेड झाला.

मुकादम म्हणाले, "म्हातारी शिकली असेल... खूण."

मी दाराकडे धावले. शेठला नखांनी ओरबाडलं, त्याच्या गालावर ते व्रण अजून दिसतील तुम्हाला. मी दाराच्या फटीत हात घातला होता. तो मागे ओढून घेतला सोडावाल्याच्या बायकोने. "वहिनी, लावू द्या हो," ती म्हणाली, "माझ्या कडेवर मूल आहे." ज्या हाताने मी तिला चढ चढवून आणलं होतं तोच हात तिने धरला होता. दार लागलं. अडसर पडला.

मी भुशावर बसून दोर धरला. तीन, मग दोन. तीन, मग दोन. मीही आतून हिसके दिले. काय सांगणार होते मी तिला हिसक्यांनी? मी इथे आहे, एवढंच. तिचे हिसके घाईचे झाले, मग नुसतेच झाले, खूणबीण विसरून. मी दोराला तोंड लावून तिला हाका मारल्या. सगळे मूग गिळून बसले होते, लहान मुलंसुद्धा.

मग त्या हिसक्यांच्या खालून मला दुसरी ओढ जाणवली. लांबून येणारी, सावकाश. दोन ओढी, एक विसावा. ती कडी कडी करत वर येत होती. पिवळीच्या हिसक्यांपर्यंत आली. क्षणभर दोरावर दोघी होत्या. आणि मग दोर सैल पडला. एकदम, पूर्ण. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

त्यानंतर लगेच बॉम्ब पडला. गोदाम मुळापासून हललं.

भोंगा झाल्यावर दार उघडलं तर पायरी नव्हती. दारासमोर खड्डा होता आणि त्यातून धूर येत होता. दाराचा पत्रा वितळल्यासारखा झाला होता, पण दार टिकलं होतं. माझ्या मागे शेठ म्हणाला, "बघा. उघडं असतं तर?" मी त्या खड्ड्यात उतरून हातांनी माती उपसत होते, तेव्हा तो हे म्हणाला.

खड्ड्यात काही नव्हतं. मी दोर धरून खाली धावत आले. पिवळी नळामागे, टाकीच्या कमानीखाली बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. अंगावर धूळसुद्धा नव्हती. मी तिला चाचपलं, मारलं, कुशीत घेतलं आणि पुन्हा मारलं. ती शांत होती.

"मी दारापर्यंत आले होते वहिनी," ती म्हणाली. "तीन आणि दोन केलं. पुष्कळ वेळा केलं."

"माहीत आहे गं..."

"मग माझ्या हातावर कुणीतरी हात ठेवला. साबणाचा वास होता. मी दोर घट्ट धरला होता ना, तर माझी बोटं सोडवली तिने, एकेक. म्हणाली, सोड पोरी. ते उघडत नाहीत. आणि हाताला धरून मला खाली घेऊन आली."

मी विचारलं, "भीती नाही वाटली तुला?"

"वाटली ना," ती म्हणाली. "दाराची."

त्या दिवसापासून आम्ही वर गेलो नाही. सायरन झाला की इथे खाली, टाकीच्या कमानीत बसतो. पिवळी गल्लीत कुणाशी बोलत नाही. मी बोलते, कारण पाणी भरायचं असतं आणि शेठच्या दुकानातून मीठ आणायचं असतं. पोटापुढे स्वाभिमान किती दिवस टिकणार? शेठ हल्ली मला चार दाणे जास्तच घालतो. मी घेते, आणि घरी येऊन ते खाताना प्रत्येक घास मला कडू लागतो.

आणि म्हणे सुईण शांत झाली. त्या दिवसानंतर दोरावर कुणी नसतं. शेवटचा माणूस आत आला की दोर पडतो आणि मुकादम पूर्वीसारखे खणखणीत "सैल" म्हणतात. गल्लीला मोठं हायसं वाटलंय. काल तुम्हीही ऐकलं असेल.

पण दोराचं खालचं टोक आमच्या कमानीजवळ, नळाच्या खांबाला बांधलेलं आहे. पहिल्याच दिवशी अंधारात माझा हात त्याला लागला. वर दार लागून बराच वेळ झाला होता, आणि दोर ओढला जात होता. वरून. गोदामाच्या आतून. एका हाताने नव्हे, पुष्कळ हातांनी, एकमेकांत गुंतलेल्या, घाईच्या ओढी. जशी पिवळी ओढत होती तशा.

मी वर पळत गेले. दगडाने दार बडवलं. अडसर आतून असतो, मी काय करणार? भोंगा झाला, दार उघडलं, सगळे डोळे चोळत बाहेर आले. कुणाला काही झालं नव्हतं. मुकादमांना विचारलं, तर म्हणाले, "टोक माझ्याच हातात होतं. कुणी हात लावला नाही. सैल होता." आणि मला वेड लागलंय असं दुसऱ्या दिवशी नळावर ऐकू आलं.

तेव्हापासून रोज तसंच आहे. दार लागतं, आणि थोड्या वेळाने आतून ओढायला लागतात. पिवळी दोराला हात लावत नाही, तिला लावायची गरजही नाही, कड्यांचा आवाज तिलाही ऐकू येतो. मी लावते. आता मला एकेकाची ओढ ओळखता येते, मुकादमांना यायची तशी. शेठची जड आहे. सोडावाला दम खात ओढतो. मुकादमांची शेवटी येते, आणि सगळ्यांत जास्त वेळ चालते. रोज भोंगा झाला की ही सगळी माणसं जांभया देत बाहेर येतात, आणि मी त्यांना बघत राहते. काय होणार आहे ते मला माहीत नाही. कधी, तेही नाही.

तुम्हाला बोलावलं ते एवढ्याचसाठी. काल तुम्ही पहिल्यांदा वर गेलात. काल दोरावर दोन ओढी नव्या होत्या. एक बाईच्या हाताची, सवय नसलेली. दुसरी मात्र अगदी हलकी आणि खालून, जमिनीलगत यावी तशी.

तुमची छोटी अजून रांगतेच ना?